अंबादासराव डेंजरमध्ये आहेत

जबलपूर, ता. ४ ऑगस्ट १९६५

साहाय्यक संपादक, शब्दकोश कार्यालय, पुणे यांस,

आपलं छापील परिपत्रक शाळेच्या पत्त्यावर पोचलं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत इंग्रजी शब्द कसे वापरतात, ते आपण ठिकठिकाणच्या मास्तरांना विचारता आहात. एकेका मास्तराला एकेक शब्द. माझ्या वाट्याला 'डेंजर' आला आहे. खाली सही आहे 'कुं. राजूरकर'. ती मी ओळखतो, कारण ते अक्षर मीच हात धरून वळवलेलं आहे.

तेव्हा कुंदा, संपादक वगैरे राहू दे. शब्द वाटायचं काम तुझ्याकडेच असेल, तर जबलपूरच्या थकल्या मास्तराला 'टेबल' देता आलं असतं, 'बटण' देता आलं असतं. तू डेंजर दिलास. याचा जो अर्थ घ्यायचा तो मी घेतला आहे. आणि सही करताना अजून सासरचंच राजूरकर लिहितेस, हेही पाहिलं. तुझ्या वहिनीला, विनताला, दाखवलं. ती म्हणाली, कार्यालयात नाव बदलायला कटकट असते, त्यात फार शोधू नका. तुझी वहिनी अशीच आहे.

आता काम. इथे हा शब्द खेड्यातून आलेल्या भाजीवालीलाही कळतो. विजेच्या खांबावर कवटी आणि खाली तीन भाषांत हेच. पोरं परीक्षेनंतर म्हणतात, सर, भूमितीचा पेपर डेंजर होता. विनता दूधवाल्याच्या म्हशीला डेंजर म्हणते, आणि ती म्हैस आहेच तशी. आपला मराठी 'धोका' इथे चालत नाही. शेजारच्या तिवारीणबाईंसमोर 'धोका आहे' म्हटलं की त्या विचारतात, किसने दिया? हिंदीत तो दगा. म्हणून इथली मराठी माणसं डेंजर म्हणून मोकळी होतात.

पण या गावातला खरा वापर खमरियाच्या दारूगोळा कारखान्याचा. दारू भरायच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांना इथे 'डेंजरवाले' म्हणतात. अमका रेल्वेत आहे, तमका पोस्टात आहे, तसं अमका डेंजरमध्ये आहे. लग्नाच्या बोलणीत सुद्धा सांगतात, मुलगा डेंजरमध्ये आहे, पर्मनंट आहे. ऐकणाऱ्याला त्यात काही विपरीत वाटत नाही.

एक उदाहरण वाक्यात देतो, टिपून घे. 'अंबादासराव अजून डेंजरमध्येच आहेत.'

माझा घसा बसलेला आहे, शाळा दोन पाळ्यांत भरते, गुडघे कुरकुरतात. बाकी बरं आहे. तुझ्या खुशालीची ओळ संक्रांतीच्या कार्डावर येते तेवढीच, तिच्यावर आम्ही वर्ष काढतो.

तुझा अण्णा
(श्यामसुंदर टेंभेकर, इंग्रजीचे शिक्षक, हेही परिपत्रकात मागितलं आहे म्हणून)


जबलपूर, ता. २९ ऑगस्ट १९६५

कुंदास,

आशीर्वाद आहेतच, ते लिहायला लागत नाहीत.

तुमच्या कार्यालयाचं कार्ड आलं. 'माहिती उपयुक्त आहे. अधिक उदाहरणे पाठवावीत.' सगळं छापील, शाईने फक्त तारीख. असो, उदाहरणं मागितली आहेत तर देतो.

अंबादासराव दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. तू पुण्याला गेल्यापासून हा शिरस्ता पडला आहे. सायकल भिंतीला टेकवतात ती आवाज न करता. आमटीची वाटी दोन्ही हातांनी उचलतात, दोन्ही हातांनी ठेवतात. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून आमच्याकडे चमचाही पडलेला नाही. विनता म्हणते, यांच्याकडून काहीतरी फुटावं असं मला कधी कधी वाटतं.

गेल्या रविवारी त्यांनी एक बातमी सांगितली, तीही ताक मागावं तशी. कारखान्यात भराभर नवी भरती चालली आहे. सीमेवर काय शिजतं आहे ते तू पेपरात वाचतच असशील. नव्या पोरांना शेडमध्ये सोडण्याआधी शिकवायला जुना माणूस हवा आहे. कारखान्याच्या शिकवणीच्या शाळेत उस्तादाची जागा निघाली आहे. फळा, खडू, नकली नळकांडी. दारू नाही. दिवसाची पाळी. फोरमनने स्वतः बोलावून विचारलं. यांनी नाही म्हटलं.

विनताने पोळी तव्यावरच ठेवली आणि बाहेर येऊन विचारलं, "काहून? काहून नाही म्हणालात?"

ते म्हणाले, "पाहू." आणि ताक प्यायले.

कुंदा, मी तुला आजवर एक शब्द बोललो नाही. तू गेलीस तेव्हा नाही, नंतरही नाही. चीनच्या लढाईच्या त्या हिवाळ्यात कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला, आणि तू डोक्यावरून पाणी घेत होतीस तशी ओल्या केसांनी, अनवाणी, क्वार्टरपासून फाटकापर्यंत धावत गेलीस. भोंगा सरावाचा होता. पहाऱ्यावरच्यांनी तुला अडवलं, तू त्यांना चुकवून आत शिरलीस. आणि आतून अंबादासराव आले ते चालत. जसं कोणी जेवून पानाच्या ठेल्यावर निघावं तसं. तुझ्यापाशी येऊन म्हणाले, "काही झालं नाही. घरी जा." आणि तसेच चालत परत गेले. त्या संध्याकाळी तू आमच्या ओट्यावर बसून जे बोललीस ते मला पाठ आहे. "अण्णा, मी मेलेल्या माणसासाठी धावत गेले होते. तो जिवंत माणूस टहलत आला." तो आठवडा संपायच्या आत तू गाडीत बसलीस.

मी तुला चूक म्हणत नाही. मी त्या जागी असतो तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. पण आज ही जागा समोर आहे आणि ते ती घेत नाहीत. माझं ऐकत नाहीत, विनताचं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील असं मला वाटतं. दोन ओळी लिही. 'जागा घ्या' एवढंच लिही. मायना सुचला नाही तर मायन्याशिवाय लिही.

अण्णा


जबलपूर, ता. १० सप्टेंबर १९६५

कुंदा,

लढाई लागली. कारखाना आता झोपत नाही. पाळ्या लांबवल्या आहेत, अंबादासराव रविवारीही आले नाहीत. विनताने डबा दिला, मी सायकलवरून खमरियाला नेऊन त्यांच्या क्वार्टरच्या कडीला अडकवून आलो. आम्हा मास्तरांना संध्याकाळी मोहल्ल्यात फिरून ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना कागद लावलेत का ते बघायचं काम दिलं आहे. ज्यांच्या पोरांना मी नापास केलं, त्यांच्याच दारात उभा राहून विनंती करतो, बत्ती ढाँक लीजिए. लोक हसतात. मीही हसतो. रात्री अंग टाकलं की कूस बदलायचीही ताकद राहत नाही.

तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत. मग मी म्हटलं, निदान शब्दाचं काम करू. शाळेच्या कपाटात साहेबाच्या काळचा जाडजूड इंग्रजी कोश आहे, वाळवीने 'ई'च्या पुढचा भाग खाल्लेला. सुदैवाने 'डी' शाबूत आहे. त्यात जे सापडलं त्याने मी दोन दिवस अस्वस्थ आहे.

हा शब्द मुळात संकटाचा नाहीच. तो फ्रान्सातून आला, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधला 'डोमिनस' आहे. डोमिनस म्हणजे धनी, मालक. डेंजर म्हणजे धन्याची सत्ता. जुन्या इंग्रजीत 'मी त्याच्या डेंजरमध्ये आहे' असं म्हणत, आणि त्याचा अर्थ एवढाच की मी त्याच्या हातात आहे, माझं बरंवाईट त्याच्यावर आहे. त्याने मनात आणलं तर माझं नुकसान होईल, मनात आणलं नाही तर होणार नाही. पुढे पुढे धनी विसरला गेला आणि नुकसानाची भीती तेवढी शब्दात उरली. आणखी एक गंमत. त्या काळच्या प्रेमकवनांत बाईच्या आढ्यतेला, सहजासहजी न वळण्याला सुद्धा डेंजर म्हणत. हे वाचून मी पुण्याच्या दिशेने पाहिलं.

चेष्टा सोड. मला तू गेलीस ते आता थोडं कळतंय असं वाटतं. तुला दारूची भीती होती असं सगळा मोहल्ला म्हणतो. मला तसं वाटत नाही. दारूची भीती कारखान्याच्या वसाहतीत प्रत्येकीला आहे, त्या पापड लाटतात आणि राहतात. आपला सबंध दिवस एका माणसाच्या परत येण्यावर टांगलेला असावा, आणि त्या माणसाला त्याची खबर नसावी, हे तुला सोसेना. जुन्या अर्थाने तू त्याच्या डेंजरमध्ये होतीस. त्यातून तू बाहेर पडलीस. चूक असेन तर तसं लिही, म्हणजे निदान काहीतरी लिहिशील.

कारखान्याला अजून त्या उस्तादाच्या जागेसाठी कोणी दुसरा मिळालेला नाही, असं कळतं.

अण्णा


जबलपूर, ता. १९ सप्टेंबर १९६५

कुंदा,

तुझं कार्ड मिळालं. 'व्युत्पत्तीचे काम दुसऱ्या विभागाकडे आहे. कृपया फक्त वापर कळवावा.' पण या वेळी ते हाताने लिहिलेलं आहे. छापील कार्डं संपली असतील असं विनता म्हणते. मी ते कार्ड खिशात ठेवलं आहे.

वापरच कळवतो. परवा अंबादासरावांना पाळी बदलताना अर्धा दिवस सुटी मिळाली. ते आले, आंघोळ केली, जेवले, आणि बसल्या बसल्याच भिंतीला डोकं टेकून झोपले. डोळ्यांखाली काळं झालंय, गालफडं बसलीत. उठल्यावर मी त्यांना म्हटलं, पुण्याच्या एका कार्यालयाने विचारलं आहे की तुमच्याकडे डेंजर कशाला म्हणतात. पुण्याचं नाव काढल्यावर ते सरळ बसले.

ते जे म्हणाले ते जसंच्या तसं देतो.

"बारूदला आम्ही डेंजर नाही म्हणत, अण्णा. बारूद तर रोजचीच, हातात घेऊन बसून राहतो आम्ही. शेडमध्ये डेंजर म्हणजे पळणारा माणूस. एक पळाला का बाकीच्यांना वाटते काही झालं. मग कोणाच्या हातात काय आहे याचं भान राहत नाही. म्हणून आमच्याकडे पळणं बंद. शेडमध्ये बंद, अन् बाहेर फाटकापर्यंत बी बंद. आग लागली तरी चालायचं. पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

मी विचारलं, मग त्या दिवशी कुंदा आली तेव्हा?

विनता दारात येऊन उभी राहिली होती. ते म्हणाले, "ती पळत येऊन राहिली होती, अन् सगळी शेड खिडकीतून तिलाच पाहून राहिली होती. मी पळालो असतो तर सगळे पळाले असते. पाय आवरून आवरून चाललो, अण्णा. इतकं लांब मी कधी चाललो नाही."

मी विचारलं, हे तिला कधी सांगितलं नाहीत? ते म्हणाले, ती डेंजरवाल्याची बायको, तिला माहीत असेल असंच मला वाटत होतं. नंतर सांगायला गेलो तर ती गाडीत बसली होती. आणि मग म्हणाले, सांगून काय होणार होतं, ती तर पळालीच होती ना, अन् तिच्यासाठी कोणी पळालं नाही, हे बी खरंच आहे.

तुला राग येईल, पण मला तेव्हा त्यांचा राग आला. इतकी वर्षं पोटात धरून बसायची ही काय गोष्ट होती? पण माणूस समोर इतका दमलेला होता की मी तो राग गिळला.

मग मी उस्तादाच्या जागेचं काढलं. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, जी तुलाही माहीत नसावी. शेडमधल्या लोकांचा आपसात एक कायदा आहे. साहेबाला तो ठाऊक नाही, कुठे लिहिलेलाही नाही. बाहेरची, निवांत जागा निघाली की ती कोणाला जाणार हे ते आपसात ठरवतात. ज्याची घरी कोणी वाट पाहतं तो आधी जातो. ज्याची वाट पाहणारं कोणी नाही तो मागे राहतो. मागच्या वर्षी गोदामातली जागा निघाली, फोरमनच्या मनात अंबादासरावच होते. यांनी ती नथ्थूला दिली. नथ्थूच्या बायकोला दिवस गेले होते. त्याच्याही आधी एकदा त्यांनी असंच केलं होतं, ते कोणासाठी ते सांगत नाहीत. आणि आता उस्तादाच्या जागेलाही ते हेच म्हणतात. "शेडमध्ये सगळ्यांचीच कोणी ना कोणी वाट पाहून राहिलंय. माझ्याकडे तर कुलूप आहे. मी काहून जाऊ?"

विनता आत निघून गेली. ती रडत होती हे तिने नंतर कबूल केलं नाही.

कुंदा, मी तुला जागा घ्या असं लिही म्हणत होतो. ते पुरेसं नव्हतं, आता कळलं. हा माणूस सांगून ऐकणाऱ्यातला नाही. पण त्यांच्या स्वतःच्या कायद्यापुढे ते मान तुकवतील. तेव्हा मला एकच सांग, आणि खरं सांग, खोटं लिहून त्यांना वाचवू नकोस, तसलं वाचणं त्यांना नको असेल. त्यांची वाट पाहणारं कोणी आहे का?

असेल तर त्यांना लिही, मला नको.

अण्णा


जबलपूर, ता. १२ ऑक्टोबर १९६५

चि. सौ. कुंदा,

मायन्यात सौ. लिहायचं की नाही यावर मी इतकी वर्षं अडखळत होतो आणि म्हणून नुसतं कुंदा लिहून सुरुवात करत होतो. आज लिहिलं आहे. का लिहिलं ते पुढे येईल, आणि नंतर तुला खोडायचं असेल तर खोड.

लढाई थांबल्याला बरेच दिवस झाले, पण कारखान्याला ते अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. खिडक्यांचे कागद लोकांनी काढले, काहींनी आळसाने तसेच ठेवले. आमच्याही एका खिडकीला अजून आहे.

तुझं पत्र अंबादासरावांना दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. दसऱ्याला ते सोनं द्यायला आले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, अण्णा, पुण्याचं पत्र आहे. मला वाचायला दिलं नाही. मीही मागितलं नाही. पण जेवल्यावर त्यांनी त्यातलं थोडं आपण होऊन सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. वारा त्या बाजूचा असला की खडकीच्या कारखान्याचा भोंगा तुझ्या खोलीत ऐकू येतो. तो वाजला की तू हातातलं काम ठेवतेस. जबलपूरची पाळी त्या वेळी सुटत नाही हे तुला माहीत आहे, तरी ठेवतेस. इकडची पाळी सुटायच्या वेळेला तू चहा करतेस आणि तो समोर ठेवून बसतेस, आणि वेळ टळून गेली की मगच पितेस, गार झालेला. गाव सोडलं, पण वाट बघणं सुटलं नाही, असं तू लिहिलंस. आणि शेवटी लिहिलंस की मी परत येणार नाही, आणि हे काही मागण्यासाठी लिहीत नाही. ते चालणं आता समजलं असंही लिहिलंस. समजलं, पण म्हणून मी त्या फाटकाशी पुन्हा राहू शकेन असं नाही.

हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी मात्र उठून अंगणात गेलो आणि डोळे पुसून आलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते फोरमनकडे गेले. त्या आधी शेडमधल्या सोबत्यांना त्यांनी सांगितलं, माझी वाट पाहून राहिलं आहे कोणी, मला आता ठाऊक झालं. कोणीही हरकत घेतली नाही. एकाने विचारलं म्हणे, कौन है भैया? यांनी सांगितलं, घरवाली. म्हणून मी वर सौ. लिहिलं. आता ते शिकवणीच्या शाळेत आहेत. नव्या पोरांना काय शिकवतात मी विचारलं नाही. पहिलं काय शिकवत असतील ते तुला आणि मला ठाऊक आहे.

कुंदा, मला खूप आनंद झाला. इतका की मी मूर्खासारखा वागलो. पुढच्या रविवारी ते आले तेव्हा मी सगळं ठरवून बसलो होतो. दिवाळीची सुटी, मी स्वतः पुण्याला येईन, तुला घेऊन येईन, भाऊबीज इथे होईल. विनताने तुझ्यासाठी पातळ काढून ठेवलं होतं. ते जेवत होते आणि मी गाड्यांच्या वेळा सांगत होतो. त्यांनी वाटी दोन्ही हातांनी खाली ठेवली.

"तिला बोलवायसाठी नाही घेतली जागा," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग कशासाठी घेतली? ती तुमची वाट पाहते, तुम्ही तिच्यासाठी शेड सोडली, आता राहिलं काय?

"तिनं लिहिलं ना, येणार नाही. मग नाही येणार." आणि थोड्या वेळाने, "अण्णा, तुम्ही त्या इंग्रजी शब्दाचं सांगत होते ना मागे, एकाचं बरंवाईट दुसऱ्याच्या हातात म्हणून. ती पुण्यात बसून माझ्या हातात आहे. तीन वर्षं. मला खबरच नव्हती. आता मी काय करू, तिला पुन्हा इथं आणून हातात घेऊ?"

विनताने त्यांच्या पानात भात वाढला आणि त्यांनी तो मुकाट्याने संपवला.

मी तुझ्यावर चिडलो नाही, त्यांच्यावरही नाही. माझ्यावरच थोडा चिडलो आहे. मी ही सगळी पत्रं तुम्हा दोघांना एका घरात आणायला लिहिली, हे तुला पहिल्या पत्रापासून कळलं असेल. झालं ते असं, की तुम्ही दोघं एकमेकांना पुरते कळलात आणि दोन गावांत राहिलात. मला याचं वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. विनता म्हणते, माणूस जिवंत आहे, दिवसाचं काम आहे, झोप मिळते आहे, तुम्हाला आणखी काय हवं? मला आणखी हवं होतं. पण मागायचं कोणाकडे?

कोशाचं काम करणाऱ्यांनी अर्थ काय द्यायचा तो द्यावा. माझ्याकडून एवढीच उदाहरणं, आता आणखी मागू नयेत.

जाताना अंबादासराव सायकलपाशी थांबले. मी फाटकापर्यंत गेलो होतो. म्हणाले, मला लिहिता येत नाही तिला. शब्द जुळत नाहीत. तुम्ही लिहाल तेव्हा माझं एक लिहा. मी म्हटलं सांगा. त्यांनी सीटवरची धूळ हाताने पुसली, मग पुन्हा पुसली. मी घरात येऊन लगेच ते कागदावर उतरवलं, म्हणजे माझे शब्द त्यात शिरायला नकोत.

"तिला लिहा, पाळी आता दुपारीच सुटते, अन् शाळेत काही फुटत नाही. चहा गरम घेत जा म्हणावं."

तुझा अण्णा